कपारीतलं पाणी

“हे पानी कुठनं आलं, ते आधी सांग.”

कुणाच्याही घरी गेली तरी प्रयागबाई टेकायच्या आधी हे विचारायची. समोर तांब्या यायचा, तांब्यावर फुलपात्र पालथं असायचं, आणि हिचे हात मांडीवरच. पोलादपूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा सांगण्याआधी तिनं मालकाला हा प्रश्न विचारला होता. त्यानं दिलेलं उत्तर पटलं नाही म्हणून ती सरळ आत गेली आणि पिंपाचं झाकण उघडून बघून आली. नाते गावात दिलेल्या तिच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा इकडे मंगलाष्टकं चालू होती आणि ही मांडवामागे आचाऱ्याला टँकरवाल्याचं गाव विचारत उभी होती. बहीण ते अजून विसरलेली नाही.

महाड-पोलादपूरच्या मातीत पाण्याबद्दलचा प्रश्न साधा नसतो. कुणी कुणाच्या पाण्याला नाक मुरडलं, कुणी कुणाला पाण्यापासून अडवलं, हे इथल्या माणसांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या जागं आहे. त्यामुळे पहिल्यांदा भेटणारा माणूस तिच्या प्रश्नानं चमकायचा, कुणी रागानं तांब्या परत उचलायचा. मग शेजारचं कुणीतरी सांगायचं, “अवो, ती समद्यांनाच विचारते. देव्हाऱ्यातल्या देवालाबी सोडीत नाय.” आणि ते खरं होतं. तिचा संशय घर बघत नव्हता, आडनाव बघत नव्हता. तो फक्त पाणी बघत होता.

हा संशय तिच्यात जन्मापासून नव्हता. तिचा नवरा हैबती महाडच्या बाजारात एका धान्याच्या दुकानात हमाली करायचा. सावित्री नदीला मोठा पूर आला त्या पावसाळ्यात दुकानं चिखलानं भरली. हैबती आणि त्याच्या जोडीचे गडी कितीतरी दिवस तो चिखल उपसत होते. तहान लागली की जे मिळेल ते पीत होते. कुणी बाटल्या वाटत होतं, कुणाचा टँकर यायचा, कुठल्या गच्चीवरच्या टाकीत उरलेलं असायचं. घरी आला तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. कावीळ पोटात उतरली होती. औषधं झाली, पथ्य झालं, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गणपती बसायच्या आत तो गेला.

तेराव्याला त्याच्या जोडीचे हमाल आले होते. प्रयागबाईनं प्रत्येकाला एकच विचारलं. कुठलं पाणी प्याला होता तो? बाटलीतलं, टँकरचं, की गच्चीवरचं? कुणालाच सांगता आलं नाही. सगळे सगळंच प्याले होते. त्या दिवसापासून ती विचारत राहिली.

तिचं घर आमच्या सातविणवाडीत सगळ्यात वर आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणारा रस्ता तिच्या ओट्यावरून दिसतो, एवढ्या उंचावर. तिच्या स्वयंपाकघरात पाण्याचा माठ तिवईवर. माठाच्या तोंडाला पांढरं फडकं, त्यावर ताटली, आणि बाजूच्या खिळ्याला लांब दांड्याचं ओगराळं. माठात हात कुणी घालायचा नाही. तिच्या मुलानं, दीपेशनं, एकदा घाईत पेला बुडवला, तर तिनं अख्खा माठ अंगणातल्या जास्वंदीला ओतला. “आता जास्वंद पिऊ दे तुझा हात,” असं म्हणून पुन्हा पाणी आणायला गेली.

पाणी आणायला ती जायची झऱ्यावर.

घराच्या खालच्या अंगाला, उताराच्या पोटात काळा कातळ आहे आणि त्या कातळाला एक आडवी फट आहे. त्या फटीतून पाणी येतं. उन्हाळ्यात करंगळीएवढं, पावसात मनगटाएवढं, पण येतं. वर जांभळाची सावली, कडेला नेचे, खाली दगडाची छोटी कुंडी. वैशाखातसुद्धा त्या पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत गारवा चढतो. आमच्या वाडीतल्या माणसाला परगावी गेल्यावर घर आठवायच्या आधी तो झरा आठवतो, आणि यात काही वाढवून सांगितलेलं नाही.

जगातलं एवढं एकच पाणी प्रयागबाई न विचारता प्यायची.

“ह्याच्यात कुनी मधी नाय,” ती म्हणायची. “डोंगर देतो, मी घेते. मोटर नाय, पाइप नाय, पावडर नाय.”

मोटर, पाइप आणि पावडर हे तिघे तिच्या मते एकाच टोळीतले होते आणि त्या टोळीचा म्होरक्या भिकाजी. भिकाजी पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. वाडीसाठी नळयोजना झाली, खालच्या नदीकाठच्या विहिरीतून पाणी टेकाडावरच्या टाकीत चढू लागलं, तेव्हापासून ते काम त्याच्याकडे आहे. सकाळी मोटर चालू करायची, टाकीत पावडर कालवायची, मग नळ सोडायचे. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. कमी बोलतो हेच प्रयागबाईला खुपायचं.

“बोलत नाय तो काय तरी लपवतो,” ती चंद्राबाईला सांगायची.

चंद्राबाई तिची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आल्या. घरं वर-खाली, मधे एक कुंपण. चंद्राबाईच्या परसाच्या कडेला एक जुना सरकारी संडास आहे, पत्र्याच्या दाराचा, तो दोन्ही घरांत मिळून एक. इतक्या जवळच्या त्या दोघी.

“अगो, पावडर टाकली की जंतू मरतात,” चंद्राबाई म्हणायची. “आशाताई सांगत व्हती.”

“जंतू मरतात ना? मग ज्यानं जंतू मरतो, त्यानं मानूस कसा वाचंल? चाय करून बघ त्या पान्याची. दवाखान्यात बसून प्याल्यावानी लागते.”

चंद्राबाई हसायची, आणि दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन झऱ्यावर यायची. हळूहळू वाडीतल्या अर्ध्या बायका यायला लागल्या. नळाचं पाणी भांड्याला, कपड्याला, गुरांना. प्यायला कपारीतलं. भिकाजी टाकीवर उभा राहून ही रांग बघायचा आणि काही बोलायचा नाही.

एकदाच बोलला. तेव्हाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

दीपेश मुंबईत कुरिअर कंपनीत आहे. बायको सेजल, मुलगी अक्षदा. अक्षदा बालवाडीत असल्यापासून आजीला फोनवर गाणी म्हणून दाखवायची, आणि प्रयागबाई तो फोन कानाला न लावता छातीशी धरून ऐकायची. पण ती तिघं वाडीत आली की दोन दिवसांत परतायची. पत्र्याच्या दाराचा तो संडास, आत पाणी नाही, दाराला कडी नाही, उतारावरून अंधारात जायचं. सेजल एकदा सरळच म्हणाली, “आई, मला राहायला आवडतं हो इथे. पण त्या संडासात मी पोरीला नेणार नाही. घराला लागून चांगला बांधा, मग मे महिन्याची अख्खी सुट्टी अक्षदाला तुमच्याकडे ठेवते.”

अख्खी सुट्टी! प्रयागबाईनं ते वाक्य साखरेच्या डब्यासारखं जपून ठेवलं.

दिवाळीत दीपेशनं काम काढलं. घराच्या मागे, वरच्या अंगाला, एवढीच एक सपाट जागा होती. तिथे संडास-बाथरूम, निळी फरशी, चकचकीत नळ, आणि त्यामागे खड्डा. गवंडी खड्डा खणत असताना भिकाजी टाकीवरून उतरून आला. बराच वेळ उभा राहिला. कधी खड्ड्याकडे, कधी खालच्या जांभळाकडे बघत राहिला.

“काकी,” तो म्हणाला, “खड्डा हितं नको. झरा खाली हाय.”

“झरा कुठं, खड्डा कुठं! मधी माझं घर हाय, आंगन हाय.”

“कातळाला फटी असतात, काकी. पानी कुठनं कुठं जाईल ते वरनं दिसत नाय. खालच्या बाजूला घ्या.”

“खाली चंद्रेचं परसू हाय. तिची जागा मागू? का रे, माझ्या नातीसाठी फरशी बसते ते बघवत नाय तुला? का झरा बंद करून समद्यांना तुझं पावडरवालं पानी पाजायचंय?”

गवंडी हसले. भिकाजीचा चेहरा पडला. खाली वाकून खड्ड्यातली माती चिमटीत घेऊन चुरगळली, टाकून दिली आणि गेला. प्रयागबाई त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत गवंड्याला म्हणाली, “बगितलंस? माती चोरून बघतो.”

त्या खड्ड्याच्या पाण्याबद्दल मात्र तिनं कुणाला काही विचारलं नाही. पाणी कुठून येतं, एवढंच विचारायचं तिला ठाऊक होतं. कुठं जातं, हा प्रश्न तिच्या वाक्यात नव्हता.

शिमग्यापर्यंत नव्या संडासाला कुलूप होतं. प्रयागबाई स्वतः जुन्याच संडासात जायची आणि रोज निळी फरशी कोरड्या फडक्यानं पुसायची. मग शिमगा आला आणि वाडी भरली. मुंबईहून चाकरमानी आले, ढोल आले, दारोदार पालखी नाचली. दीपेश-सेजल आले, अक्षदा आली. अक्षदानं कुलूप स्वतः उघडलं आणि निळ्या फरशीवर उड्या मारल्या. पालखी प्रयागबाईच्या अंगणात टेकली त्या दिवशी वाडीतले सगळे पाहुणे तिच्याकडेच. नवा संडास बघायला माणसं येत होती, आणि बघून नुसती परत जात नव्हती.

सेजलनं येताना बाटलीबंद पाण्याचे खोके आणले होते.

“हे पानी कुठनं आलं?” प्रयागबाईनं विचारलं.

“कंपनीचं आहे, आई. सील आहे बघा.”

“ते दिसतंय गो. कंपनी कुठनं भरते?”

सेजलनं बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, “आई, इतकं तर ह्यांच्या आईवडिलांनी लग्न ठरवताना माझ्याबद्दल विचारलं नव्हतं.” दीपेश खो खो हसला. मग प्रयागबाईच्या लक्षात आलं की ती आई आपणच, आणि तीही हसली. खोके मात्र तिनं राहू दिले. अक्षदा बाटलीतलंच पिऊ दे. पोरीच्या बाबतीत सून आपल्याहून संशयी आहे, हे तिला मनातून आवडलं होतं.

पालखीनंतर वाडीत जुलाब सुरू झाले.

आधी दोन पोरं. मग म्हातारे. मग चंद्राबाई. ती धड उठेना, डोळे खोल गेले, तिला जीपमधून पोलादपूरला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. आशाताई दारोदार जाऊन साखर-मिठाचं पाणी कसं करायचं ते सांगत होती. देवळापुढच्या सहाणेवर, जिथे पालखी ठेवतात तिथे, माणसं जमली. शिमग्यासारखा सण आणि सगळे एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होते. कुणी म्हणालं मटण शिळं होतं. कुणी म्हणालं मुंबईवाल्यांनी आणलेला सरबताचा डबा. कुणी काही न म्हणता आपापल्या घरचा हंडा दुसऱ्याच्या हंड्यापासून लांब सरकवून ठेवला.

“मटन नाय नि सरबत नाय,” प्रयागबाई पुढे होऊन म्हणाली. “पानी हाय. सनाच्या गडबडीत ह्यानं पावडर टाकलीच नाय. विचारा त्याला.”

सगळे भिकाजीकडे वळले.

“टाकली,” भिकाजी म्हणाला.

“कुनी बगितली?”

“कुनी बघायला येतंय का? मी एकटाच असतो टाकीवर.”

“बघा! एकटाच असतो म्हनं.”

“काकी,” भिकाजीचा आवाज पहिल्यांदा चढला, “नळाचं पितंय कोन वाडीत? तुमीच समद्यांना झऱ्यावर नेलंत. आजारी कोनकोन पडलंय ते बघा आनि ते कुठलं पीत व्हते ते बघा.”

“झऱ्याचं नाव घेऊ नको! हैबती गेल्यापास्नं पितेय मी. मला काय झालं?”

एकाच पाण्यानं एक पडतो, एक पडत नाही, हा विचार करायला तिथे कुणी थांबलं नाही. प्रयागबाई खरंच ठणठणीत होती. चार माणसं त्याच्या अंगावर धावून गेली, कुणीतरी मधे पडलं. पंचायतीकडे तक्रार करायची, भिकाजीला कामावरून काढायचं, असं ठरूनच माणसं उठली. त्यानं टाकीची किल्ली सहाणेच्या दगडावर ठेवली आणि घरी गेला.

रंगपंचमीला वाडीत उत्साह नव्हता, पण पोरं पोरंच. अक्षदाकडे मुंबईहून आणलेल्या जांभळ्या रंगाच्या पुड्या होत्या, पक्का रंग. आमच्याकडे गुलाल चालतो, असला रंग वाडीत कुणाकडेच नव्हता. दुपारपर्यंत पोरीच्या मानेवर पुरळ उठलं. सेजल घाबरली. तिनं तिला नव्या बाथरूममध्ये घासघासून आंघोळ घातली आणि उरलेल्या पुड्या संडासात ओतून बादल्यांवर बादल्या पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाई कळशी घेऊन झऱ्यावर गेली. कुंडीत बघितलं आणि थांबली.

पाणी जांभळं होतं.

गडद नाही. पिकलेलं जांभूळ बोटांनी चुरडून पाण्यात हात धुवावा, तेवढंच. तिनं आधी वर बघितलं. जांभळाला अजून फळ नव्हतं. मग ती रागावली. कुणाची तरी पोरं येऊन कुंडीत रंग धुऊन गेली! तिनं कुंडी उपसली, दगड घासले, पार कोरडी केली आणि कडेला बसून राहिली, चोराची वाट बघितल्यासारखी.

कुणी आलं नाही. कुंडी आपली आपण भरत गेली. फटीतून येणाऱ्या करंगळीएवढ्या धारेखाली तिनं ओंजळ धरली. तिच्या पांढुरक्या तळहातावर पाणी साचलं, आणि ते जांभळं होतं.

बाहेरून कुणी काही टाकलं नव्हतं. डोंगराच्या आतूनच येत होतं.

“कुठनं आलास?” ती झऱ्याला म्हणाली. “आं? तू कुठनं आलास ते सांग.”

ती कितीतरी वेळ तिथे बसली असेल. वर तिच्या घरात अक्षदा काहीतरी गाणं म्हणत होती, ते खालपर्यंत ऐकू येत होतं. दीपेश आज-उद्या निघणार होता. चंद्राबाई दवाखान्यात होती. भिकाजीची किल्ली सहाणेवरच पडून होती, तिला कुणी हात लावला नव्हता; नळ बंद, वाडी पिंपात साठवलेल्या पाण्यावर चालली होती. रंग तर आणखी दोन दिवसांत वाहून जाईल. घरोघर आजारपण, त्यामुळे बाकीच्या बायका झऱ्याकडे फिरकल्या नव्हत्या; तो बघणारी ती एकटीच होती.

पण जिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, ती स्वतःच्या डोळ्यांवर तरी लगेच कसा ठेवणार? ती घरी आली. सेजलला विचारलं, “त्या रंगातलं काय उरलंय?” खिडकीत एक पुडी राहिली होती. ती तिनं घेतली, संडासात टाकली आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. सेजल बघतच राहिली. मग प्रयागबाई पुन्हा खाली जाऊन कुंडीपाशी बसली. जेवायला बोलावलं, आली नाही. चहाला बोलावलं, आली नाही. धार हळूहळू निवळत आली होती. ऊन कलायला लागलं तेव्हा ती पुन्हा रंगली.

आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

तिनं कोयत्यानं करवंदीची जाळी तोडली, काटे हातात घुसले तरी ओढत आणली आणि झऱ्याच्या तोंडावर टाकली. आमच्याकडे वाट बंद आहे हे असं सांगतात. मग घरी येऊन संडासाला कुलूप घातलं.

“आई, हे काय?” दीपेश म्हणाला.

तिनं सांगितलं. सगळं. सेजलचं तोंड उतरलं. ती वाईट मुलगी नव्हती. तिला आधी चंद्राबाई आठवली, मग आपली मुलगी आठवली.

“मग आता आम्ही कुठे जायचं?” तिनं हळूच विचारलं.

“पत्र्याच्यात.”

“आणि मे महिना?”

प्रयागबाईनं कुलपाची किल्ली कनवटीला खोचली. दीपेशनं टॉर्च घेऊन घराभोवती फेरी मारली. खड्डा झऱ्याच्या खाली जाईल अशी एकच जागा होती. चंद्राबाईचं परसू.

“तिची जागा मिळाली तर मेच्या आधी करून टाकतो,” तो म्हणाला.

“मिळाली तर,” सेजल म्हणाली.

सकाळी प्रयागबाई घरोघर गेली. “हंडे ओता,” एवढंच म्हणायची. “झऱ्याचं जे भरलंय ते समदं ओता. भांडी पावडरीच्या पान्यानं धुवा. माझ्या खड्ड्यातलं पानी झऱ्यात उतरतंय.” काही बायकांनी ओतलं. काहींनी दार अर्धंच उघडलं. तिनंच पाजलं, तीच ओता म्हणते, आता हिच्या मनात काय आहे? एका म्हातारीनं तिच्या तोंडावरच विचारलं, “आमचा झरा बंद करून तुला काय मिळनार हाय गो?” ज्या वाडीला तिनं संशय घ्यायला शिकवलं, ती वाडी शिकली होती.

शेवटी ती सहाणेवर गेली, किल्ली उचलली आणि भिकाजीच्या दारात उभी राहिली. भिकाजी ओट्यावर विळ्याला धार लावत होता.

“किल्ली घे,” ती म्हणाली. “समद्यांसमोर बोलले, समद्यांसमोर परत बोलेन. मातीबी तू चोरून बगत नव्हतास.”

“माती भुसभुशीत व्हती, काकी. पानी धरनारी नव्हती. म्हनून बगितली.”

“मग मोठ्यानं का नाय बोललास?”

“बोललो असतो तर ऐकलं असतंत?”

तिनं थोडा विचार केला. “नाय,” ती म्हणाली. “पन उद्यापास्नं पावडर टाकशील तवा मी टाकीवर येनार. डोळ्यांनी बघनार.”

भिकाजीच्या ओठांच्या कडा हलल्या. “या,” तो म्हणाला.

पंचायतीकडे जाणारी तक्रार तिथेच राहिली. दीपेशची जीप दुपारी निघाली. अक्षदा मागच्या काचेतून हात हलवत होती आणि विचारत होती, “आजी, मेमध्ये ना?” प्रयागबाईनं नुसता हात वर केला.

पुढच्या आठवड्यात चंद्राबाई दवाखान्यातून परत आली. अंगात जोर नव्हता, पडवीत खाटेवर पडून असायची. प्रयागबाई टाकीवरून भरलेला हंडा घेऊन तिच्याकडे गेली. हंडा उतरवला, फडकं काढलं, सोबत आणलेल्या ओगराळ्यानं पेला भरला आणि पुढे केला.

चंद्राबाईनं पेला घेतला नाही. हात गोधडीवरच ठेवले.

“हे पानी कुठनं आलं,” ती म्हणाली, “ते आधी सांग.”

प्रयागबाईनं पुढे केलेला पेला तसाच राहिला. हा प्रश्न ऐकायला कसा लागतो, हे तिला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

“नळाचं हाय. भिकाजीनं पावडर टाकली, मी उभी राहून बगितली. वास येतोय बघ.”

चंद्राबाईनं पेला घेऊन नाकाशी नेला. वास आला. प्यायली नाही, पण पेला खाली ठेवलाही नाही.

“आनि हंडा माझ्या दारात का आनलास? तुझ्या दीपेशनं जाताना माझ्या परसात काय मोजलंन, ते मला लोकांनी सांगितलं. जागेसाठी आलीस ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. प्रयागबाईनं पदरानं हात पुसले.

“हां. जागेसाठीबी आले. पोरगी मे महिन्यात यायची तर खड्डा तुझ्या परसातच बसतो, दुसरीकडे कुठं बसत नाय. आनि तू आजारी पडलीस ती माझ्या खड्ड्यानं. म्हनूनबी आले. दोन्ही खरं हाय. कुठलं आधी ते मला विचारू नको, मला म्हाईत नाय.”

कुंपणापलीकडे कोंबड्या माती उकरत होत्या. चंद्राबाईनं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

“दवाखान्यातबी असंच लागत व्हतं,” ती म्हणाली. मग दुसरा घोट घेतला. “जागेचं आत्ता बोलत नाय. उद्या मी टाकीवर येते. बघते हे पानी कसं करतात ते. झऱ्याला तुझ्या सांगन्यावर गेले, नळाला माझ्या डोळ्यांनी जाईन. तुझा खड्डा माझ्या परसात काय करंल ते भिकाजीला विचारते. मग बोलू.”

“चालवेल का गो तुला टेकाडावर?”

“तू हंडा घेऊन माझ्या दारात चालत आलीस, तर मीबी चालन.”

प्रयागबाईनं चंद्राबाईच्या घरातला माठ बघितला, तिवईवर आहे की खाली, त्यावर ताटली आहे की नाही. ओगराळं तिनं तिथेच खिळ्याला अडकवलं, परत नेण्यासाठी आणलं नव्हतं. मग हंडा त्या माठात ओतून, रिकामा कमरेला लावून ती स्वतःसाठी पाणी आणायला टाकीच्या वाटेला लागली. झऱ्याकडे वळणाऱ्या पाऊलवाटेपाशी तिचा पाय क्षणभर थबकला. करवंदीची जाळी वाळली होती, पण जागची हलली नव्हती. ती सरळ वर गेली.

खाटेवरून मान उचलून चंद्राबाई बघत होती, पेला अजून हातात. वर टाकीच्या झाकणापाशी भिकाजी उभा होता. तो खाली येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाकडे सहसा बघत नाही, पण त्या दिवशी ती चढ चढून वर येईपर्यंत त्यानं बघितलं, नळ सोडला, आणि भरलेला हंडा डोक्यावर घेऊन ती घराकडे निघाली तेव्हा हंड्याच्या तोंडावर फडकं आहे का तेही बघितलं. होतं.